रविवारची बदली

दादाबद्दल चार शब्द बोलायचं काम धाकट्याकडे आलं, तेव्हा त्याने ते टाळायला बघितलं. सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. दादाबद्दल सांगायला बसलं तर दिवस मावळला असता. पंपहाउसातल्या साठ-पासष्ट माणसांमध्ये दादाची एक तरी गोष्ट ज्याच्याकडे नाही, असा माणूस शोधून सापडला नसता. धाकट्याकडेही एक होती. पण ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती, आणि तिला बाजूला सारून दुसरं काही आठवायला गेलं, तरी फिरून तीच समोर येऊन उभी राहत होती.

धाकटा म्हणजे काही लहान नव्हे. बेचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे निम्मे केस गेलेला बाप्या. पण दादा त्या पंपहाउसात आधी लागला, तिथे सगळ्यांचाच दादा झाला, आणि मागून आलेल्या या भावाला जे ‘धाकटा’ नाव चिकटलं, ते हजेरीपुस्तक सोडून सगळीकडे चालू लागलं. साहेबसुद्धा ‘अरे धाकट्या’ म्हणूनच हाक मारत. त्याला ते कधी टोचलं नाही. दादाचा भाऊ म्हटलं की लोक त्याच्या चुका पोटात घालायचे, उशीर झाला तरी हसून सोडून द्यायचे. आयती मिळालेली इज्जत होती, आणि आयतं ते कोणाला नको असतं?

पंपहाउसाचं काम तसं सोपं आणि तसं जिवावर येणारं. तीन मोठ्या मोटरी तलावातलं पाणी उचलून टेकडीवरच्या टाकीत टाकतात, आणि तिथून ते शहरभर नळांना जातं. ऑपरेटरने मोटरींचा आवाज ऐकायचा, गेजवरचा काटा बघायचा, तासातासाला वहीत आकडे लिहायचे. असे आठ तास. पाळी संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, कारण चालू मोटर एकटी ठेवता येत नाही. त्यामुळे तिथे सुटी मागायची नसते, बदली माणूस शोधायचा असतो. आज तू माझी पाळी कर, पुढच्या आठवड्यात मी तुझी करतो, असा रोखठोक मामला. एकटा दादा या मामल्यात कच्चा होता. तो दुसऱ्याची पाळी करायचा आणि आपली कधी परत मागायचा नाही. कोणी आठवण करून दिली तर म्हणायचा, “अरे, मला कुठे जायचंय? इथे मोटरी गातात, मी ऐकतो.”

एकदा टाकी साफ करायला बाहेरून माणसं आली होती. त्यांतल्या एकाच्या बुटांचे तळ सुटलेले दिसले, तर दादाने तिथल्या तिथे आपले बूट काढून त्याला दिले आणि स्वतः स्टोअरमधले रबरी गमबूट घालून घरी गेला. दारात वहिनीने खालपासून वर बघितलं आणि म्हणाली, “बूट दिलेत ते ठीक. पाय आणलेत ना परत?” हा किस्सा दादा स्वतःच सगळ्यांना सांगायचा, वहिनीच्या आवाजाची नक्कल करून, आणि सांगता सांगता इतका हसायचा की शेवटचं वाक्य त्याला धड बोलता यायचं नाही.

पण सढळ हाताच्या माणसाचं एक दुखणं असतं. त्याच्याकडून सगळ्यात जास्त ओरबाडतात ते घरचेच. बाहेरचा निदान ओशाळतो. घरचा त्याला हक्क म्हणतो.

दादाची साप्ताहिक सुटी रविवारी. धाकट्याची सोमवारी. दादा पंपहाउसाच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायचा. आई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, धाकट्याजवळ. कारण आईचं आणि वहिनीचं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि धाकट्याचं लग्नच न झाल्यामुळे त्याच्या घरी आईशी भांडायला कोणी नव्हतं. दर रविवारी दादा दोन बस बदलून दहाच्या सुमाराला आईकडे हजर व्हायचा. तिची नखं कापून द्यायचा, चष्मा पुसून द्यायचा, त्याच त्या जुन्या गोष्टी तिच्याकडून ऐकायचा आणि दर वेळी नव्याने हसायचा. सकाळची पाळी संपवून दुपारी धाकटा घरी यायचा, तेव्हा आई आठवडाभराचं बोलून मोकळी झालेली असायची आणि त्याच्याशी बोलायला तिच्याकडे काही उरलेलं नसायचं.

मग आईचा गुडघा धरला. डॉक्टरांनी शेकाच्या मशीनवर दहा वेळा यायला सांगितलं, दर रविवारी सकाळी सातला. दादा म्हणाला, “मी नेतो.” पण रविवारी क्वार्टरवरून पहिली बसच आठला सुटते. तेव्हा तोच पुन्हा म्हणाला, “मग तू ने. तुझी सकाळची पाळी मी करतो. दहा रविवार काय, असे जातील.” धाकट्याने विचारण्याआधीच बदली मिळाली होती. हे दोघांचं पंपहाउसावरच ठरलं, आईला त्यातलं काही कळलं नाही.

पहिला रविवार अगदी खरा होता. धाकटा आईला घेऊन गेला, मशीनवर बसवलं, घरी आणलं. घरी येताच आई म्हणाली, “भाजून काढलं मेल्यांनी. पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही.” आणि ती शब्दाची पक्की. गुडघाही पंधरा दिवसांत तेल चोळून चोळून बरा झाला. धाकट्याने तेव्हाच दादाला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी पहाटे साडेचारला उठून कामावर जावं लागलं असतं. त्याने मनाशी म्हटलं, हा एक रविवार जाऊ दे, पुढच्या वेळी सांगू. आईला सांगितलं, ड्युटीला चाललोय. आणि गळ घेऊन तो दोस्तांबरोबर कालव्यावर जाऊन बसला. दुपारपर्यंत बोटभर एक मासा लागला. तोही इतका फडफडला की त्याने परत पाण्यात सोडला.

संध्याकाळी दादाचा फोन. आईला फोनवर धड ऐकू यायचं नाही, त्यामुळे आईची खुशाली नेहमी धाकट्याच्याच तोंडून जायची.

“काय म्हणतोय गुडघा?”

“सूज आहे अजून.”

इतकंच बोलला तो. फार काही बोलला नाही. पण एक खोटं बोललं की त्याला दर आठवड्याला खायला घालावं लागतं, नाहीतर ते मरतं आणि वास सुटतो. सूज झाली, मग साखर वाढली, मग चक्कर आली. दहा रविवारांचे वीस झाले, विसांचे तीस. दादा म्हणायचा, “पाळी संपली की दुपारी येऊन जातो.” धाकटा म्हणायचा, “नको, गोळी घेऊन झोपते ती. उगाच दोन बस करून येशील आणि नुसती झोपलेली बघशील.” दादा दमलेल्या आवाजात म्हणायचा, “तू आहेस म्हणून मला काळजी नाही बघ.” असं कोणी म्हटलं की माणसाने लाजेने मरावं. धाकटा मेला नाही. पुढच्या रविवारी त्याने नवीन गळ घेतला.

इकडे आई दहा वाजले की खिडकीत खुर्ची टाकून बसायची. दुपारी धाकटा आला की विचारायची, “आजही नाही आला दादा?”

“कोणाची तरी बदली घेतली असेल त्याने,” धाकटा म्हणायचा.

हे मात्र खोटं नव्हतं. आणि म्हणूनच सगळ्यात नीच होतं. आईने पहिले काही रविवार समजून घेतलं, मग कुरकुर केली, मग विचारणं सोडलं. एके दिवशी तिने ती खुर्चीही खिडकीतून उचलून आत नेऊन ठेवली. धाकट्याने ते बघितलं आणि ठरवलं, आता सांगायचंच. एकदा ठरवलं, दोनदा ठरवलं. सांगू, सांगू म्हणता आठ महिने गेले आणि एका मंगळवारी सकाळी, दाढी करता करता, दादा आरशासमोरच कोसळला. डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं होतं. त्रेपन्न वर्षांचा होता.

आई रडली नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. बायका तिला हलवून हलवून रडवायला बघत होत्या. ती एवढंच म्हणाली, “तो जगाचा होता. माझा कुठे होता?” घरी आल्यावर धाकटा दादाचा फोटो भिंतीवर लावायला गेला, तर म्हणाली, “राहू दे. ज्याला चार पावलं यायला सवड नव्हती, त्याला भिंतीवर टांगून काय करू?”

फोटो टेबलावर उलटा पडून राहिला. धाकट्याला कळत होतं की हे सगळं एका वाक्यात मिटण्यासारखं आहे. ते वाक्य बोललं तर आईला तिचा थोरला परत मिळणार होता, आणि धाकटा तिच्या मनातून कायमचा उतरणार होता. दोघांपैकी एकच मुलगा आईकडे उरणार होता, आणि तो कोणता, हे धाकट्याच्या हातात होतं. रोज सकाळी तो आईसमोर चहाचा कप ठेवायचा, तोंड उघडायचा, आणि म्हणायचा, “साखर बरोबर झालीय का?”

अशात कामगारांनी शोकसभा ठरवली. कँटीनच्या हॉलमध्ये, तीही रविवारीच, कारण त्या दिवशी ऑफिस बंद आणि माणसं मोकळी. साहेबांनी आईसाठी गाडी पाठवली. धाकटा म्हणत होता, “आई, तुला त्रास होईल, नको येऊस.” आई म्हणाली, “का? मला काय धाड भरलीय?” आणि धुतलेलं पातळ नेसून त्याच्या आधी गाडीत जाऊन बसली.

हॉलच्या दाराशीच घोटाळ्याला सुरुवात झाली. आई गाडीतून उतरून ताठ चालत आली, तर पाण्याचे नमुने तपासणाऱ्या लॅबमधल्या बाई तोंडाला पदर लावून बघतच राहिल्या.

“अगबाई, आजी, तुम्ही चालत आलात? दादा म्हणायचे तुम्हाला उठवतही नाही.”

“मला?” आई म्हणाली. “मी रोज दोन मजले चढते.”

“आई, पाणी आणू?” धाकटा मध्ये घुसला.

पाणी आणायला गेला तेवढ्यात वेल्डरने आईला गाठलं. हा वेल्डर म्हणजे आडदांड माणूस, पण आवाज एकदम लोण्यासारखा करून विचारत होता, “आता चक्कर थांबली ना हो, आई? दादा फार घाबरला होता. साखरेचं पथ्य पाळता ना?” मग स्टोअरकीपर आला. त्याने गुडघ्यावर रामबाण उपाय सांगितला. मग कँटीनवाला. त्याने न विचारताच आईला बिनसाखरेचा चहा दिला. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“या लोकांना झालंय तरी काय?” ती धाकट्याला हळूच म्हणाली. “मी आजारी होते असं कोणी सांगितलं?”

“म्हाताऱ्या माणसांना विचारतातच गं तब्येत.”

“कशी आहेस म्हणून विचारतात. याला चक्कर कुठून कळली? मला कधी आली चक्कर?”

“दुसऱ्या कोणाची आई वाटली असेल त्याला.”

आईने त्याच्याकडे बघितलं. धाकटा बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

वहिनी पहिल्या रांगेत अगदी कडेला बसली होती. आई मधल्या खुर्चीवर. दोघींच्या मध्ये सहा खुर्च्या रिकाम्या, आणि त्यांवर बसायची कोणाची हिंमत होत नव्हती. पलीकडच्या भिंतीतून मोटरींचा आवाज येत होता. पाळीवरच्या ऑपरेटरने दार उघडं ठेवलं होतं, भाषणं त्यालाही ऐकू यावीत म्हणून.

साहेब बोलले. मग लॅबमधल्या बाई बोलल्या. त्या पोटुशा होत्या तेव्हा टाकीवरचे नमुने रोज दादाने आणून दिले, एकशे बारा पायऱ्या चढून, आणि दर वेळी बाटलीवर चिठ्ठी लावायला विसरला, म्हणून त्यांना रोज पुन्हा त्यालाच पाठवावं लागलं. लोक हसले आणि डोळे पुसले. वेल्डरने सांगितलं की त्याचं दारू पिणं सुटलं ते दादामुळे. उपदेश करून नाही. दर पगाराच्या दिवशी दादा गेटवर त्याची वाट बघत उभा राहायचा आणि गप्पा मारत मारत थेट त्याच्या घरापर्यंत सोबत जायचा. वर्षभर. “मला कधी कळलंच नाही की तो मला सोडायला येतोय,” वेल्डर म्हणाला. “मला वाटायचं, याला घरी कोणी बोलायला नाही.”

धाकटा खाली मान घालून ऐकत होता. एकेक गोष्ट त्याला तोंडात मारल्यासारखी लागत होती. ही सगळी माणसं दादाकडून घेताना त्याला काहीतरी देऊन गेली होती. निदान खरं कारण तरी.

शेवटी हजेरीबाबू उठले. पाळ्यांचा तक्ता लावणारा माणूस, बोलायची सवय नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “मी फार काही सांगत नाही,” ते म्हणाले. “बदलीचा तक्ता माझ्याच हातात असतो. गेल्या आठ महिन्यांत या माणसाने स्वतःसाठी एक रविवार ठेवला नाही. एक नाही. मी म्हटलं, दादा, माणूस आहेस की मोटर? तर म्हणाला—”

“थांबा,” आई म्हणाली.

ती उभी राहिली होती. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला.

“तुम्ही सगळे त्याचं कौतुक करताय, करा,” आई म्हणाली. “तुमचं तो करत होता. पायऱ्या चढत होता, घरी सोडत होता. सगळ्यांना देत होता. पण आठ महिने मी खिडकीत बसले. एक रविवार तो माझ्याकडे आला नाही. आईला द्यायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. हेही लिहून ठेवा तुमच्या तक्त्यात.”

त्या हॉलमध्ये प्रत्येकाला माहीत होतं की दादाचे रविवार कोणासाठी गेले. माहीत नव्हतं ते फक्त आईला. हजेरीबाबूंचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी आईकडे बघितलं, मग धाकट्याकडे. वहिनीने मान वळवली आणि तीही धाकट्याकडे बघायला लागली. ती रागावलेली नव्हती. ती वाट बघत होती.

मागच्या रांगेतून कोणीतरी कुजबुजलं, “बिचारीला आठवत नाही.” दुसरा म्हणाला, “साखरेने डोक्यावर परिणाम होतो.” साहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि धाकट्याला हलकेच म्हणाले, “बसव त्यांना. आम्ही समजू शकतो.”

धाकट्यासमोर दार आपोआप उघडलं होतं. त्याला काही करायचंच नव्हतं. आईच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मान हलवायची. आजारी म्हातारी, विसरभोळी म्हातारी. सगळे मानायला तयार होते. उलट त्याचीच कीव केली असती, एवढं सगळं एकट्याने निभावलं म्हणून. तो उठला. आईजवळ गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“आईला हल्ली…” तो म्हणाला.

आणि आईने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. भीती होती. सकाळपासून एवढी माणसं तिला आजारी म्हणत होती. आता घरचा एकटा मुलगाही तेच म्हणायला लागला होता. आपल्या डोक्याला खरंच काही झालंय का, असं ती स्वतःला विचारत होती. ते धाकट्याला स्पष्ट दिसलं, आणि आपण किती खाली आलोय हेही त्याला तेव्हाच दिसलं. भावाला लुबाडलं ते लुबाडलं, आता आईला वेडी ठरवायला निघालोय.

त्याने हात काढून घेतला.

“आईला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “कधीच झालं नव्हतं. एकदा गुडघा दुखला, तो पंधरा दिवसांत बरा झाला. साखर, चक्कर, सगळं मी दादाला खोटं सांगितलं. तो रविवारी इथे माझी पाळी करत होता. मी आईला दवाखान्यात नेतोय असं समजून. आणि आईला मी सांगत होतो की त्याला वेळ नाही.”

“मग तू कुठे जात होतास?” वेल्डरने विचारलं. चिडून नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

“मासे पकडायला.”

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. धाकट्याला वाटलं, एखाद्या वाईट ठिकाणी गेलो असतो तरी बरं दिसलं असतं. प्रेम, कर्ज, दारू, काहीतरी. मासे. तेही लागत नव्हते.

सभा तिथेच मोडली. कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, अंगावर धावून आलं नाही. माणसं खुर्च्या एकावर एक ठेवू लागली. धाकटा मदतीला गेला, तर स्टोअरकीपरने त्याच्या हातातली खुर्ची काढून घेतली आणि म्हणाला, “राहू दे.” कँटीनवाल्याने आईसाठी चहा आणला, या वेळी साखर घालून. वहिनीसाठी आणला. हजेरीबाबूंसाठी आणला. धाकट्यासाठी ट्रेमध्ये कप नव्हता.

आई पुन्हा खुर्चीवर बसली होती. तिने चहाला हात लावला नाही. धाकटा तिच्या समोर जाऊन उभा राहिला. तिने कानाखाली वाजवावी, चारचौघांत वाजवावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो म्हणाला, “आई, चल, घरी जाऊ.”

“तू बस,” आई म्हणाली. “इतके रविवार मला दवाखान्यात नेऊन नेऊन दमला असशील.”

मग तिने त्याच्याकडे पाठ केली आणि रिकाम्या सहा खुर्च्यांपलीकडे बघून म्हणाली, “इकडे ये गं.”

वहिनी उठून तिच्या शेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांत दोघी इतक्या जवळ बसलेल्या धाकट्याने पाहिल्या नव्हत्या.

“तो आला होता,” आई वहिनीला म्हणाली. “जायच्या आधीच्या बुधवारी, सकाळी. हा कामावर होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर खाली रस्त्यावर दिसला. चालत येत होता, हातात पिशवी. आठ महिन्यांचा राग होता माझ्या पोटात. दाराची कडी काढली आणि पलंगावर जाऊन पडले, भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, हाक मारू दे, मग याला चांगला फैलावर घेते.”

वहिनीने तिचा हात धरला.

“आत आला. पायाशी बसला. अर्धा तास तरी बसला असेल. पाय चेपत होता माझे, अगदी हळू. मला सगळं कळत होतं. म्हटलं, एकदा आई म्हण. एकदाच म्हण, की मी उठले. नाही म्हणाला. मग उठून गेला. मला वाटलं, बघ, याला दोन शब्दही बोलायचे नव्हते माझ्याशी.”

“त्या दिवशी इतके खुश होऊन आले घरी,” वहिनी म्हणाली. “म्हणाले, आई किती शांत झोपली होती. रंग सुधारलाय तिचा. फार वाटलं उठवावं, बोलावं. पण झोपेतून उठवलं की तिला चक्कर येते म्हणे, म्हणून तसाच निघालो.”

आईने मान वळवून धाकट्याकडे बघितलं.

“हे त्याला तू सांगितलं होतंस? उठवायचं नाही म्हणून?”

“हो,” धाकटा म्हणाला.

आई वहिनीच्या हाताला धरून उठली आणि दोघी मागच्या दाराने क्वार्टरकडे चालू लागल्या. धाकट्याला कोणी ये म्हटलं नाही, आणि त्यांच्या मागून जायचा त्याला धीर झाला नाही.